पाणी बघायला

आषाढ लागला की आमच्या गल्लीत भेटल्यावर ‘कसं काय’ असं कुणी विचारत नाही. ‘किती आलं?’ एवढंच विचारतात. काय आलं हे वेगळं सांगावं लागत नाही. समोरचा छत्री सावरत ‘एकतीस’ म्हणतो, नाहीतर ‘तेहतीस आठ’ म्हणतो आणि पुढं जातो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा तेहतीस फूट आठ इंचांवर आहे, असा त्याचा अर्थ. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. कोल्हापुरातल्या शाळकरी पोराचा पाढा चुकेल, पण हे दोन आकडे चुकायचे नाहीत.

आकडा आता फोनवरही येतो. किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरीतून किती क्युसेक विसर्ग चाललाय, सगळं एका मेसेजात. तरी संध्याकाळी पाऊस जरा उघडला की माणसं घाटाकडं निघतात. ‘कुठं चाललाय?’ ‘पाणी बघायला.’ पोरं खांद्यावर, बायकांनी साडीचे काठ वर खोचलेले, कुठंतरी कणसं भाजल्याचा वास, शिवाजी पुलाच्या कठड्याला रेलून रांगच्या रांग उभी. फारसं कुणी बोलत नाही. घाटावर लहान लहान दगडी देवळं आहेत. त्यातलं कुठलं बुडालं, कुठल्याचं नुसतं शिखर दिसतंय, ते बघायचं आणि परत फिरायचं.

आमच्या विहीणबाई पुण्याच्या. पहिल्यांदा पावसाळ्यात आल्या तेव्हा त्या घाटावर दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आकडा तर घरी बसून कळतो की. मग एवढ्या पावसात यायचं कशाला?’ मला त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावर रात्रभर ते मनात घोळत राहिलं. गेली काही वर्षं बातम्या, फोन, खाणं, गाणं, सगळ्याबद्दल माझी जी काही मतं झाली, ती या एका सवयीशी येऊन थांबतात, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला होते. ऑइल इंजिनाचे सुटे भाग काढायचे. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. रोज संध्याकाळी सकाळच्या पेपरची घडी काखेत मारून ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी उभ्या असतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. मामांची पाच-सहा जणांची बैठक ठरलेली. पेपर एकानं मोठ्यानं वाचायचा आणि मग मतं सुरू. महापालिका, शाहू स्टेडियमवरची मॅच, ऊसदर, अमेरिका. मामा ऐकून घ्यायचे आणि मधेच विचारायचे, ‘बघून आलास?’

एकदा कुणीतरी म्हणालं, रंकाळ्याकडच्या नव्या रस्त्याला फूटभर खड्डा पडलाय. मामांनी सायकल काढली. तासाभरानं आले, तोवर मंडळी तिथंच. मामा म्हणाले, ‘सात इंच. सात इंच बी वाईटच, पण फूट न्हाई.’ आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी महापालिकेत अर्ज दिला, त्यात सात इंच लिहिलं. अर्जाची पोच अजून आमच्या ट्रंकेत आहे. खड्डा भरला गेला. फूट लिहिलं असतं तरी कदाचित भरला गेला असता, पण मामांना मग त्या कट्ट्यावर पुन्हा बसवलं नसतं, असं मला वाटतं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मामांनी खिळ्यानं ओढलेली, शेजारी तारीख. २०१९ चा ऑगस्ट आला तेव्हा मामा नव्हते. बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहराचं बेट झालं, पेट्रोल आणि दुधासाठी रांगा लागल्या. पाणी उतरल्यावर यांनी भिंतीवर दुसरी रेघ ओढली, लाल ऑइलपेंटची. वाटलं होतं ही शेवटची. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फूट ३ इंच. तिसरी रेघ दुसरीच्या वर, जेमतेम वीतभर अंतरावर आली. माझा नातू त्या रेघांशी पाठ लावून उभा राहतो आणि आपली उंची मोजतो. मला ते बघवत नाही, पण मी त्याला हटकत नाही.

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं.

महापुरानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी पूर मोठा नव्हता, नदी इशारा पातळीच्या आसपास रेंगाळत होती. रात्री साडेदहाच्या सुमारास फोनवर एक व्हिडिओ आला. धरणाच्या दरवाजातून पांढरंफेक पाणी उसळतंय, मागं कुणीतरी ओरडतंय, आणि खाली लिहिलेलं, ‘राधानगरी फुटलं. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब निघा.’ शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं हे धरण आम्ही शाळेच्या सहलीत बघितलेलं. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या जोरानं ते आपसूक उघडतात आणि पातळी उतरली की आपसूक मिटतात. एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. हे सगळं मला तोंडपाठ. पण त्या रात्री, ‘दरवाजा उघडला’चं कुणीतरी ‘धरण फुटलं’ केलं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी तो व्हिडिओ चिखलीच्या मावशीच्या नातवाला पाठवला. खाली ‘काळजी घ्या’ असं लिहिलं.

मावशी सत्तरी ओलांडलेली. प्रयाग चिखली म्हणजे नद्यांच्या संगमावरचं गाव. पाणी चढायला लागलं की जनावरं सोडून सोनतळीची वाट धरायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. नातवानं मेसेज वाचून दाखवला, तशी ती बॅटरी घेऊन एकटीच गोठ्यात गेली. दोन म्हशी आणि एक रेडकू. अवेळी माणूस बघून म्हैस बिथरली, सोडता सोडता दाव्याचा पीळ मावशीच्या हाताला बसला, आणि म्हशीनं हिसका मारला तशी ती ओल्या फरशीवर आपटली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. लेकानं त्या पावसात मोटारसायकलवर पुढं घालून दवाखान्यात आणलं.

धरणाला काहीही झालेलं नव्हतं. सकाळी नदी तीन इंच उतरली होती.

हाड जुळलं. पण धार काढायला मूठ वळावी लागते, ती पुन्हा वळली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती बाई पहाटे चारला उठून धार काढत होती. आता ती गोठ्याच्या दारात पाटावर बसते आणि सुनेला सांगते, ‘वरनं धर. वरनं. ओढू नगो.’ मी भेटायला गेले तेव्हा प्लास्टरातला हात पदराखाली झाकून म्हणाली, ‘माझ्या काळजीनंच धाडलंस की गं तू.’ तिनं चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. व्हिडिओ मुळात कुणी केला, कुठल्या धरणाचा होता, हे मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. पण तिच्यापर्यंत तो मी पोचवला होता. मला माहीत असलेल्या गोष्टीसुद्धा मी त्या घटकेला आठवल्या नाहीत. घाट माझ्या घरापासून सहा मिनिटांवर आहे. छत्री घेऊन जाऊन आले असते तर पाणी होतं तिथंच आहे हे दिसलं असतं. धरण फुटलं असतं तरी पाणी इथवर यायला वेळ लागतो, हेही तिथं उभ्या असलेल्या कुणीही सांगितलं असतं.

तेव्हापासून मामांचा प्रश्न मी स्वतःला विचारते. बघून आलीस?

आमच्याकडं सध्या पुराविषयी बोलायला सुरुवात झाली की दोन मिनिटांत आलमट्टी येतं, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, आणि पाण्याची फूग मागं आमच्यापर्यंत येईल म्हणून त्याला कोल्हापूर-सांगलीचा जीव तोडून विरोध आहे. माझाही आहे. ज्यांच्या भिंतीवर रेघा आहेत त्यांनी का म्हणून गप्प बसावं? पण सगळा दोष तीन जिल्हे ओलांडून पलीकडं टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. कारण मी दर आठवड्याला भाजी आणायला नदीकाठच्या रस्त्यानं जाते, आणि तिथं मुरमाचे डंपर रिकामे होताना बघते. ज्या खोलगट रानात दर पावसाळ्यात पाणी पसरून निवांत पडायचं, तिथं पुरुषभर भराव पडलाय आणि त्यावर ‘नदीदर्शन’ असलेल्या फ्लॅटच्या जाहिराती लागल्यात. नकाशावर दोन रेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनंही पूररेषेतल्या बांधकामांवर बोट ठेवलं. आमच्या गल्लीतल्या मिटिंगमध्ये मी हे बोलले तेव्हा एक जण म्हणाला, ‘वैनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ मी म्हटलं, चला, दाखवतो. तिघं आले. बाकीच्यांना काम होतं. त्या तिघांपैकी एकानं परत येताना एकही शब्द काढला नाही. त्याच्या भाच्यानं त्याच स्कीममध्ये फ्लॅट बुक केलाय, हे मला मागाहून कळलं.

२०२५ च्या जूनमध्ये दुसरीच लाट आली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीच्या मॉडेलच्या पायात आपलं पायतान, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, दिसलं, आणि त्याला नुसतं चामडी सँडल म्हटलेलं. दोन दिवस फोन तापला. चोरी, अपमान, अस्मिता. काही जणांना उलट आनंद, की बघा आपलं मिलानला पोचलं. माझीही चिडचिड झाली. पण माझ्या पायात त्या वेळी काय होतं? प्लास्टिकची स्लीपर. दुसऱ्या दिवशी मी सुभाषनगरला, चपला करणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत गेले.

ज्या घरी गेले तिथं नवरा-बायको दोघं काम करतात. तो ओल्या कातड्याचा तुकडा दगडावर ठेवून हातोडीनं ठोकत होता, त्यानं कातडं घट्ट बसतं. हिरडा आणि बाभळीची साल घालून कमावलेलं म्हशीचं कातडं. खोलीत त्याचा तुरट, मातकट वास कोंडलेला. मग रापीनं तळ कापला, कडेचे कान दोन तळांच्या मधे घातले, आणि आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायला घेतलं. एक खिळा नाही. ती उंबऱ्यात उजेडाला बसून पट्ट्यावरची वेणी घालत होती. दोऱ्यापेक्षा जराशा जाड अशा चामड्याच्या पट्ट्या, ओल्या असेतोवरच वळतात, म्हणून मधे मधे ती त्या पाण्यात बुडवत होती. मला चहा दिला. चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ती त्याच वेणीवर होती.

मी प्राडाचं काढलं. तो हसला नाही की चिडला नाही. म्हणाला, ‘ताई, नाव घ्यावं त्यांनी, घ्यायलाच पायजे. पण मला सांगा, कातडं कुठनं आणू? आन् माझा पोरगा ह्यात येईना झालाय.’ बायको मान वर न करता म्हणाली, ‘वेणी शिकायला कोण बी येत न्हाई. डोळं जात्यात.’

फोनवरच्या दोन दिवसांच्या गदारोळात कातडं आणि डोळे हे दोन शब्द मी एकदाही वाचले नव्हते. आणखी एक गोष्ट. या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरचं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. आलमट्टीवरून भांडणारी दोन राज्यं एका पायतानात अशी एकत्र आहेत, हे मला तिथं बसल्यावर फार जाणवलं. जुलैत प्राडाची माणसं कोल्हापुरात आली, कारागिरांना भेटली, काम कसं चालतं ते त्यांनी बघितलं. आली ते बरं केलं.

मी त्या दिवशी एक जोड घेतला. दर वेळी शंभर-दोनशेसाठी घासाघीस करायची सवय, त्या दिवशी तोंड उघडलं नाही. पहिले चार दिवस अंगठा सोलला, रोज रात्री तेल लावलं, पाचव्या दिवशी पायाला बसलं.

खाण्याबद्दल मी जरा अधिकारानं बोलते, कारण उन्हाळ्यात मी ऑर्डरीची चटणी करते. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला लाल मसाला, ज्यावर वर्षभर घर चालतं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे दर वेळी समजावावं लागतं, नाहीतर तो पोळीशी तोंडी लावायला मागवतो. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं एकेक करून मंद आचेवर भाजायचं, गरम मसाला तळून घ्यायचा, कांदा उन्हात वाळवून कुरकुरीत तळायचा, आणि सगळं घेऊन कांडपाला जायचं. कांडपाच्या दुकानात चैत्रात पाय ठेवा. नाकाला पदर, तोंडाला रुमाल, तरी दहा बायका एकदम शिंकतात. लोखंडी मुसळं खालीवर होतात, आणि लसूण पडला की वास फिरतो. तिथं नंबर लावून बसलेल्या बायकांकडून जगातली निम्मी खबर कळते. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचा खडा.

भाचीनं मला मदत म्हणून फोनवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाकिटासाठी चित्र करून घेतलं. नऊवारीतली देखणी बाई उखळात मिरच्या कुटतेय. चित्र खरोखर सुंदर होतं. पण मिरच्या हिरव्या, आणि उखळातून धूर निघत होता. तिनं तीनदा दुरुस्त करायला सांगितलं, तरी धूर काही जाईना. शेवटी मी कांडपावरच्या बायकांचा, शिंका आवरत हसतानाचा, फोटो काढला, त्यांना विचारून, आणि तोच पाकिटावर आहे. फोनवर माझा राग नाही. ऑर्डर त्याच्यावर येतात, पैसे त्याच्यावर येतात, चार बायकांना दोन महिने काम मिळतं ते त्याच्यामुळंच.

राग आहे तो ‘कोल्हापुरी’ या शब्दाच्या वापरावर. हॉटेलात लाल तर्री असली की कोल्हापुरी, ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी देशभर मिळते आणि माझ्या माहितीतल्या एकाही कोल्हापुरी घरात शिजत नाही. लोकांना वाटतं आम्ही जिभा जाळून घेतो. त्यांनी इथं येऊन तांबड्याशेजारची पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलावी. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, थोडी मिरी. लाल तिखटाचा कण नाही. जेवताना एक भुरका तांबड्याचा, एक पांढऱ्याचा. मिसळीचा कट झणझणीत असतो, पण खाली मटकी असते, बटाट्याची भाजी असते, शेजारी ब्रेडचे स्लाइस. तिखट सोसायची सोय ताटातच करून ठेवलेली असते. फोनवर डोळ्यांतून पाणी काढून दाखवणाऱ्यांनी ताटातला अर्धा भाग खाल्लेलाच नसतो.

गाण्याकडं येते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायकनट संगीतसूर्य केशवरावांची जयंती. त्या रात्री फोनवर ज्वाळांचे व्हिडिओ एकामागून एक येत होते. मी फोन पालथा ठेवला आणि सकाळी उठून खासबागेकडं, नाट्यगृहापाशी चालत गेले. पाऊस भुरभुरत होता. भिजलेल्या जळक्या लाकडाचा वास कोपऱ्यापासूनच यायला लागला. छत नव्हतं. रस्त्यावर माणसं उभी होती, पूर बघायला उभी असतात तशीच, गप्प. एक म्हातारे गृहस्थ, बहुधा पडद्यामागं काम केलेले, हातानं हवेत दाखवत होते, हिथं विंग, हिथं मेकअपची खोली. त्यांचं बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पुरं केलेलं हे पॅलेस थिएटर. केशवराव इथले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर संयुक्त प्रयोग केला आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. मी आठ वर्षांची असताना वडिलांनी मला या नाट्यगृहात संगीत नाटकाला आणलं होतं. अगदी मागची रांग. पदाच्या आधी नटानं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. नाटक मी कधीच विसरले, पण तो श्वास अजून कानात आहे. त्या राखेसमोर उभी असताना मला तोच आठवला आणि मग डोळे आवरले नाहीत. पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दगड तोच, जागा तीच, आवाजही मागच्या रांगेत तसाच पोचावा, एवढी माझी इच्छा आहे.

याच भाचीनं मध्यंतरी एक गाणं ऐकवलं. गेलेल्या एका मोठ्या गायिकेच्या आवाजात, त्यांनी कधीच न गायलेलं. यंत्रानं केलेलं. गोड होतं, खोटं कशाला बोलू. मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना मी श्वासाची वाट बघत होते. श्वासही घातलेला होता त्यात, बेतानं. पण तो पुढच्या ओळीसाठी घेतलेला वाटेना.

कोल्हापुरात तालीम हा शब्द दोन ठिकाणी चालतो. पेठेपेठेत लाल मातीची तालीम आहे, आणि अल्लादिया खाँसाहेबांनी शिष्यांना दिली तीही तालीमच. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीची मुळं या गावात रुजली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली आणि अजून पुढंच चालली आहे. ती तबकडीसुद्धा यंत्रच आहे. यंत्रानं आवाज जपला, लांब नेला, त्याचं मला कौतुकच वाटतं. पण त्या आवाजामागं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून घेतलेली तालीम होती. आखाड्यात मातीत पडल्याशिवाय पैलवान होत नाही, हे ज्या गावातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे, त्या गावात मी भाचीला हे वेगळं काय सांगणार? मी तिला देवल क्लबात एका मैफलीला घेऊन गेले. पहिल्या अर्ध्या तासात तिनं चारदा फोन काढला. नंतर काढला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘मावशी, ते थांबतात किती मधे.’ तेवढं तिच्या ध्यानात आलं, मला पुष्कळ झालं.

विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल माझं मत थोडक्यात सांगते. छातीत धडधड होते, काचा थरथरतात, लेसरनं पोरांच्या डोळ्यांना इजा होते. बंद व्हावा. हलगी आणि घुमकं पुरेसं आहे. हलगी कडाडली की खासबाग मैदानात अंगावर काटा येतो, तिला भिंतीएवढे बॉक्स लागत नाहीत.

हे लिहीत असतानाच पुण्याहून मुलाचा फोन आला, घाबऱ्या आवाजात. त्यानं फोनमधल्या त्या बोलणाऱ्या सहायकाला पंचगंगेची पातळी विचारली होती आणि त्यानं ५५ फूट ७ इंच सांगितली. ‘आई, निघा तुम्ही आत्ताच्या आत्ता.’ मी भिंतीवरच्या मधल्या रेघेकडं बघितलं. म्हटलं, बाळा, तो २०१९ चा आकडा आहे. फरशी कोरडी आहे आपली. तो म्हणाला, ‘मग आत्ता किती आहे?’ मी म्हटलं, थांब, सांगतो.

पाऊस पडतच होता. नवं पायतान भिजू नये म्हणून रबरी चप्पल घातली, छत्री घेतली. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या, त्याही आल्या. घाटावर नेहमीची तीस-चाळीस माणसं. पाणी गढूळ, वेगात, मधे एक अख्खं केळीचं झाड वाहत चाललेलं. खालची दोन देवळं गेली होती. तिसऱ्याच्या दारात पाणी होतं. मुलाला फोटो पाठवला. मग मावशीला फोन लावला. ती आता दर पावसाळ्यात माझ्या फोनची वाट बघते आणि मीही चुकवत नाही.

‘मावशी, मी आत्ता घाटावर हाय. उभा राहूनच बोलतोय.’

‘किती आलं?’

‘तिसऱ्या देवळाच्या उंबऱ्याला लागलंय. पायरी बुडली, उंबरा दिसतोय.’

पलीकडं सुनेला काहीतरी सांगितल्याचा आवाज आला, मग गोठ्यात दुधाची धार भांड्यावर पडतानाचा.

‘नंदी दिसतोय का गं?’ मावशीनं विचारलं.

मी छत्री काकूंच्या हातात दिली आणि बघायला दोन पायऱ्या खाली उतरले.